खुराड्यात कोंबडे किती?

वाडीत मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग शिरला की खुराडी आठवडाभरात ओस पडतात. तरी एखादी तलंग उरते आणि लोक म्हणतात, 'गावठी ती, चिवटच!' पण मेलेल्याही गावठीच होत्या. उरलेलीला कदाचित विषाणू कमी मिळाला असेल किंवा आधी एखाद्या सौम्य विषाणूशी तिची गाठ पडली असेल. मानमोडीत जनुकांचा वाटा असतो, पण तो दिसेल इतका ठळक नसतो. तो ठळक दिसतो मरेक्स या रोगात.

हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये या रोगाचं वर्णन केलं. साधारण दीड ते पाच महिन्यांची कोंबडी लंगडते, एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडून राहते, आतल्या अवयवांवर गाठी येतात. विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि खुराड्याच्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. याची लस पिल्लू एक दिवसाचं असताना, शक्यतो हॅचरीतच, मानेच्या कातडीखाली देतात. खुडूक कोंबडीखाली घरी निघालेल्या पिल्लांना ती सहसा मिळत नाही. त्यांचा भरवसा जनुकांवर.

ही जनुकं कोंबडीच्या सोळाव्या गुणसूत्रावर आहेत. गुणसूत्र अगदी चिमुकलं, पण त्यावरचा 'बी' नावाचा जनुकांचा गट महत्त्वाचा. विषाणू पेशीत शिरला की पेशी त्याच्या प्रथिनांचे तुकडे एका रेणूच्या चिमट्यात धरून बाहेर दाखवते. ते पाहून संरक्षक पेशी तिला मारतात. माणसाकडे असे अनेक चिमटे असतात. कोंबडीची भिस्त मुख्यतः एकाच चिमट्यावर, म्हणून त्याची घडण कशी आहे यावर फार काही ठरतं. 'बी २१' या रूपाचा चिमटा लवचीक असतो, वेगवेगळ्या आकारांचे तुकडे धरतो. मरेक्सपुढे हे रूप चांगलं टिकतं, 'बी १९' लवकर हार खातं. अर्थात 'बी २१' म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. दुसऱ्या रोगाला दुसरंच रूप सरस ठरू शकतं. म्हणून कळपात रूपांची सरमिसळ हवी.

ही सरमिसळ सहज हरवते. १९९९ मध्ये या गटाचा नकाशा तयार झाला, तेव्हा त्याचा गाभा डीएनएच्या जेमतेम ९२ हजार अक्षरांचा आणि १९ जनुकांचा निघाला. माणसात हाच पट्टा लाखो अक्षरांचा आहे. इतका आखूड गट बहुतेक वेळा न तुटता, गठ्ठ्यानेच पिल्लाकडे जातो. एका कोंबड्याकडे असे गठ्ठे दोनच, आणि वाडीतली सगळी पिल्लं त्याचीच असतील तर प्रत्येकात त्या दोहोंपैकी एक. पुढच्या वर्षी तोच कोंबडा आपल्या लेकींवर चढला, की दोन्हीकडून एकच गठ्ठा मिळालेली पिल्लं निघू लागतात.

हिशेब करून पाहा. २० कोंबड्या आणि १ कोंबडा असला, तर आनुवंशिक दृष्टीने तो कळप चारहून कमी पक्ष्यांइतका भरतो आणि दर पिढीत सुमारे १३ टक्के वैविध्य जातं. कोंबडे ४ ठेवले तर तोच कळप तेराहून जास्त पक्ष्यांइतका भरतो, घट पावणेचार टक्क्यांवर येते. कोंबड्या वाढवून एवढा फरक पडत नाही.

आणि कोंबडे तर कोकणात आधीच कमी पडतात. गटारी आहे, पाहुणे आले की वडे आहेत, राखणदाराचा मान आहे. बहुधा धिप्पाड, लाल तुऱ्याचा कोंबडाच पहिला जातो आणि वंश चालवायला उरतो तो किरकोळ. द्यायचा तर द्यावा, पण आधी त्याची अंडी उबवून घ्यावीत.

नवा कोंबडा दूरच्या गावातून आणावा. बाजारातला नको, तिथे दहा घरांचे रोग एकत्र येतात. आणल्यावर तीन आठवडे वेगळा डालावा, नाक, डोळे, विष्ठा पाहावी. कळपात सोडल्या सोडल्या अंडी मात्र उबवायला ठेवू नयेत. कोंबडीच्या शरीरात जुन्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं, त्यामुळे पहिली पिल्लं त्याचीच निघण्याचा संभव असतो. गिरिराज, वनराज या सुधारित जाती अंडी-वजनाला उत्तम, पण त्यांच्यात खुडूकपणा कमी. घरचे सगळे कोंबडे काढून फक्त तेच ठेवले तर गावठी कळपातली जुनी रूपं परत आणता येत नाहीत.

'एमएक्स' (Mx) नावाच्या जनुकाची चाचणी करून 'फ्लू-प्रतिकारक' म्हणून विकलेल्या पिल्लांवर विश्वास ठेवू नये. त्यात ६३१ व्या जागचं अमिनो आम्ल बदललं की प्रयोगशाळेतल्या पेशींत विषाणू अडल्याचं दिसलं होतं, पण जिवंत कोंबड्यांत तो फरक सातत्याने दिसला नाही.

जनुकं चांगली असली तरी लस चुकवायची नाही. मानमोडीवरच्या लासोटा लशीचा थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात, पुन्हा चौथ्या आठवड्यात. आठव्या आठवड्यात त्याच रोगाची आर-टू-बी लस अर्धा मिली कातडीखाली. मे महिन्यात बाटली खिशात घालून वाडीभर हिंडलं तर लस निकामी होते, आणि दोष मात्र कोंबडीच्या जातीला लागतो. थर्मासमध्ये बर्फ घालून न्यावी, संध्याकाळी पक्षी खुराड्यात आले की टोचावी, आणि कालवलेली बाटली दोन तासांत संपवावी.