आगमनकाळ संपतो तेव्हा नाताळ लागतो

डिसेंबरची पहिली तारीख. मुलांनी माळ्यावरचं खोकं उतरवून झाड उभं केलंय, दिव्यांच्या माळा लागल्यात, आणि आजी म्हणते, ‘‘अरे, अजून नाताळ लागलाय कुठे?’’ मुलांना वाटतं, आजी जुन्या वळणाची. आजीला वाटतं, या पोरांना दम म्हणून नाही. पण हा पिढ्यांचा वाद नाहीच. दोघं दोन वेगळ्या दिनदर्शिका बघून बोलताहेत.

‘ख्रिसमस सीझन’ या शब्दात आपण दोन काळ कोंबतो. एक आगमनकाळ, म्हणजे अ‍ॅडव्हेंट. दुसरा नाताळकाळ. एक जिथे संपतो तिथे दुसरा सुरू होतो. दोघांचा स्वभाव इतका वेगळा, की त्यांची गल्लत व्हायला खरं तर काही कारण नव्हतं. ती झाली, आणि घराघरांतली बरीच डिसेंबरी धुसफूस त्या गल्लतीतून निघते असं माझं मत आहे.

आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ. पाश्चात्त्य चर्चच्या रीतीत नाताळच्या आधीचे चार रविवार त्यात येतात. त्यातला पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही पडतो, म्हणून हा काळ कधी २२ दिवसांचा, तर कधी २८ दिवसांचा. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी असतात, ईस्टरआधीच्या उपवासकाळात असतात तशीच, आणि रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, एरवी गायलं जाणारं ‘ग्लोरिया’ हे स्तोत्र गाळलं जातं. फक्त तिसऱ्या रविवारी थोडा गुलाबी रंग डोकावतो. ऑर्थोडॉक्स परंपरेत तर नाताळच्या आधी ४० दिवसांचा उपवासच असतो. मांस आणि दूधदुभतं बंद. थोडक्यात, आवरतं घेण्याचे दिवस.

नाताळकाळ याच्या उलट. तो २५ डिसेंबरला सुरू होतो आणि १२ दिवस चालतो. ६ जानेवारीला एपिफनी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांना बाळ येशूचं दर्शन झालं तो सण. या मधल्या दिवसांना सणाचे दिवस मानायचं, हे फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मसभेने ५६७ मध्येच नोंदवून ठेवलंय. खाणं, भेटी, गाणी यांचा खरा हंगाम हा.

बाजाराने काय केलं? तारखा पहिल्याच्या घेतल्या आणि त्यांवर थाट दुसऱ्याचा चढवला. वाट पाहण्याच्या चार आठवड्यांत मेजवानी बसवली आणि मेजवानी सुरू व्हायच्या दिवशी दुकान बंद केलं. २६ डिसेंबरला फुटपाथवर टाकलेली झाडं दिसतात, तेव्हा नाताळचा जेमतेम दुसरा दिवस असतो!

हे आपोआप घडलं असंही नाही. अमेरिकेत नाताळची खरेदी थँक्सगिव्हिंगनंतर सुरू होते, आणि हा सण तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असे. १९३९ मध्ये तो गुरुवार ३० तारखेला येत होता. खरेदीचे दिवस कमी पडतील अशी व्यापाऱ्यांची तक्रार, म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे ओढला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही, आणि देशात एकाच सणाच्या दोन तारखा झाल्या. शेवटी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. दुकानांचा हंगाम सरकारी आदेशाने वाढवल्याचं इतकं उघड उदाहरण दुसरं सापडणं अवघड.

याहून बोलका प्रवास नाताळपर्यंतचे दिवस मोजणाऱ्या अ‍ॅडव्हेंट कॅलेंडरचा. १९व्या शतकात जर्मन प्रोटेस्टंट घरांमध्ये दारावर खडूच्या रेघा ओढून रोज एक पुसत. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विशर्न हे पाद्री गरीब मुलांसाठी एक संस्था चालवत. नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना कळावं म्हणून त्यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रोज एक छोटी, रविवारी एक मोठी. आगमनकाळात आज घराघरांत ठेवतात ते चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं त्यातूनच आलं. पुढे २०व्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांनी छापील कॅलेंडरं विकायला आणली, मग छोट्या खिडक्या आल्या, खिडक्यांमागे चॉकलेट आलं, आणि आता तिथे लिपस्टिकसुद्धा असते. खरा आगमनकाळ दरवर्षी वेगळ्या तारखेला सुरू होतो, पण विकतचं कॅलेंडर न चुकता १ डिसेंबरला. तारीख सरकत राहिली असती तर दर वर्षी नवा साचा करावा लागला असता. रोज एक रेघ कमी करायची होती, तिथे आता रोज एक वस्तू वाढते.

इथे कुणी म्हणेल, पूर्वी नाताळ शुद्ध होता आणि बाजाराने बाटवला. तेवढं सोपं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, लोकांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता आणि तो १६८१ पर्यंत टिकला. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबर सार्वजनिक सुट्टी झाला तो १९५८ मध्ये. म्हणजे हा सण पाळावा की नाही, यावर श्रद्धावानांचंच एकमत नव्हतं. आजही ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे लोक नाताळ पाळत नाहीत. घरात अशी सून किंवा जावई आला, तर तो रुसून बसलाय असा अर्थ काढू नये.

आता वेगवेगळ्या श्रद्धा एका छपराखाली असतील तर या दोन काळांतला फरक फार उपयोगी पडतो. आगमनकाळ विचारतो, कुणाची वाट पाहताय? या प्रश्नाला श्रद्धेशिवाय उत्तर देता येत नाही. नाताळच्या जेवणाला मात्र कुणीही बसू शकतं. घरातल्या मुस्लीम सदस्याला येशूचा जन्म परका नाही. कुराणातली १९वी सुरा मरियमच्या नावाची आहे आणि तिथे खजुराच्या झाडाखाली तिला वेणा येतात. पण इसा, म्हणजे येशू, हे पैगंबर, देवपुत्र नव्हेत, ही त्यांची ठाम भूमिका. त्यांना ताट वाढा, प्रार्थनेत ओढू नका. यहुदी घरांत हनुक्का त्याच सुमाराला येतो म्हणून त्याला ‘त्यांचा ख्रिसमस’ म्हणतात, तेही चूक. तो मुळात लहान सण. नाताळच्या शेजारामुळे त्याच्या भेटवस्तू फुगल्या. आणि नास्तिक मुलगा २४च्या रात्री चर्चला आला नाही तर त्याने सण नाकारला असं होत नाही. दुसऱ्या दिवशी भांडी घासायला तो असतोच.

भांडण पेटतं ते या दोन आमंत्रणांचं एक केल्यामुळे. श्रद्धाळू माणसाला वाटतं, माझं वाट पाहणं यांनी खरेदीत बुडवलं. श्रद्धा नसलेल्याला वाटतं, जेवायला बोलावून मला प्रार्थनेला बसवलं. दोघांचंही बरोबर असतं.

१२ दिवस हाताशी असले की आणखी एक गोष्ट सुटते: कुणाच्या घरी जायचं, ही. २५ तारखेला माहेर की सासर, यावरून कितीक घरांत अबोला धरला जातो. वास्तविक २५ हा पहिला दिवस, एकमेव नव्हे. भेटवस्तूंचंही तेच. नेदरलँड्समध्ये मुलांना भेटी संत निकोलसच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, ५ डिसेंबरलाच मिळतात, जर्मनीत २४च्या संध्याकाळी, स्पेनमध्ये परंपरेने ६ जानेवारीला, तीन राजांकडून, म्हणजे त्याच पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांकडून. (जानेवारीत देणाऱ्यांना नाताळनंतरच्या सेलमध्ये खरेदी करता येते, हा फायदा धर्मसभेच्या लक्षात आला नसावा.) घरात कुणी रशियन किंवा सर्बियन ऑर्थोडॉक्स असेल तर जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेनुसार त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. म्हणजे इतरांचा फराळ चालू असताना त्यांचा उपवास चालू, आणि इतरांचं झाड उतरल्यावर त्यांची मेजवानी.

झाड कधी उतरवायचं, हा वाद मात्र मिटत नाही. बरेच जण ६ जानेवारी धरतात. काही कॅथलिक घरांत गोठ्याचा देखावा २ फेब्रुवारीपर्यंत, येशूला मंदिरात अर्पण केल्याच्या सणापर्यंत, हलवत नाहीत. मग त्यावरची धूळ कुणी झटकायची, हा नवा प्रश्न निघतो.