'डेथ मॅग्नेटिक'चा चढा आवाज : वाद कुठून आला

मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम 12 सप्टेंबर 2008 रोजी आला आणि अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांतच त्याच्या सुमारे 4 लाख 90 हजार प्रती खपल्या. तेव्हा चाहत्यांनी अल्बमकडे पाठ फिरवली, असं काही झालं नाही. उलट त्याआधीच्या, 2003 च्या 'सेंट अँगर'मध्ये गिटारचा एकही सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा लांब तुकडा, नव्हता आणि स्नेअर, म्हणजे कडक ठोक्याचा छोटा ड्रम, रिकाम्या डब्यासारखा वाजत होता. त्यानंतर सोलो परतले, सात-आठ मिनिटांची वळणावळणाची गाणी परतली, म्हणून जुनी मंडळी खूश होती. पण त्यांच्यातल्याच हजारोंनी 'अल्बम पुन्हा मिक्स करून द्या', म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज नव्याने जुळवून द्या, या मागणीवर सह्या केल्या. गाणी हवी होती, ध्वनिमुद्रण नको होतं : सगळं सतत एकाच चढ्या आवाजात दाबलेलं आणि चरचरणारं आहे, ही तक्रार होती.

या चढ्या आवाजाचं मूळ जुनंच आहे. ज्यूकबॉक्सच्या काळातही आपली तबकडी शेजारच्या तबकडीपेक्षा जोरात वाजावी म्हणून धडपड चाले. पण तबकडीला मर्यादा होती. खाच फार रुंद कापली तर सुई उडते आणि वाजण्याचा वेळही कमी होतो. 1982 मध्ये सीडी आली आणि सुईची ही अडचण संपली. सीडीवर आवाजाला फक्त एक कमाल पातळी असते, तिच्यावर आकडाच नाही. मग नव्वदच्या दशकात जो तो हळू आणि मध्यम आवाज उचलून त्या छताला टेकवू लागला. 'डेथ मॅग्नेटिक'च्या निर्मात्याचं नाव 1999 मधल्या एका गाजलेल्या रॉक अल्बमवरही आहे आणि त्याबद्दलही हीच ओरड झाली होती. ते मेटल नव्हतं, म्हणून आपल्या मेटलवाल्यांत फारसं कोणी बोललं नाही, इतकंच.

इथे 'कॉम्प्रेशन' या शब्दाने फार घोळ घातला आहे. एक कॉम्प्रेशन फाइलचं : एमपीथ्री करताना माहिती गाळून आकार लहान करतात. दुसरं आवाजाचं : हळू आणि जोराच्या आवाजातलं अंतर कमी करतात. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तक्रार दुसऱ्याची होती, त्यामुळे 'एमपीथ्री कशाला ऐकता, सीडी घ्या' हा सल्ला वाया जात होता. दोष सीडीतच होता. दुसरं कॉम्प्रेशन मुळात वाईटही नाही, त्याच्याशिवाय मेटलची गिटार भिंतीसारखी उभीच राहत नाही. पण अंतर अगदीच उरलं नाही की काय होतं ते तबला ऐकणाऱ्याला लगेच कळेल : तिहाईचा प्रत्येक बोल समेइतकाच जोरात वाजला तर सम कुठे आली ते कळणार कसं? त्यात इथे आवाज छताच्याही वर रेटला होता. लहरींचे माथे सपाट कापले गेले आणि ड्रमच्या ठोक्याबरोबर चरचर ऐकू येऊ लागली. याला क्लिपिंग म्हणतात आणि व्हॉल्यूम कमी करून ते जात नाही.

हे सगळं 'कानाचे चोचले' म्हणून विसरलं गेलं असतं. पण हाच अल्बम त्याच सुमारास 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेमसाठीही आला. खेळणाऱ्याचा सूर चुकला की तेवढी गिटार गप्प करावी लागते, म्हणून खेळ बनवणाऱ्यांना प्रत्येक वाद्य वेगळं द्यावं लागतं. साहजिकच ती मुद्रणं शेवटच्या दाबणीतून गेलेली नव्हती. चाहत्यांनी दोन्हींच्या लहरी शेजारी शेजारी मांडल्या : खेळातली चढउताराची, सीडीतली विटेसारखी सपाट. मग खेळातून काढलेली आवृत्ती हातोहात फिरू लागली. 2000 साली फाइल-शेअरिंगवर खटला भरून तीन लाखांहून जास्त वापरकर्त्यांची यादी देणाऱ्या बँडवर ही वेळ यावी, याची गंमत कोणाच्या नजरेतून सुटली नाही.

जबाबदार कोण, यावर मात्र एकमत नाही. पहिला राग मास्टरिंगवाल्यावर, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्यावर, निघाला. त्याचा एका चाहत्याला लिहिलेला मेल बाहेर आला. मिक्स आपल्याकडे आले तेव्हाच पुरते दाबलेले होते, असं त्याने लिहिलं होतं. बँडच्या ड्रमरने मात्र जाहीरपणे अल्बमच्या आवाजाची बाजू घेतली. मला मास्टरिंगवाल्याचा मेल पटतो. मास्टरिंग ही शेवटची पायरी, आणि आधीच कापले गेलेले माथे तिथे परत जोडता येत नाहीत. तरीही 2009 च्या ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्कारांमध्ये अल्बममधल्या एका गाण्याला सर्वोत्कृष्ट मेटल सादरीकरणाचा पुरस्कार मिळाला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट निर्माताही 'डेथ मॅग्नेटिक'चाच ठरला.

2015 मध्ये डाउनलोडसाठी नव्याने मास्टर केलेली, थोडी मोकळी आवृत्ती निघाली. तोवर या चढाओढीतला फायदाच ओसरत चालला होता. 2010 मध्ये युरोपातल्या प्रसारण संस्थांनी सरासरी जाणवणाऱ्या आवाजावर मोजणी ठरवली आणि पुढे स्ट्रीमिंगनेही तोच मार्ग धरला. गाणं जास्त चढं असेल तर सेवा ते आपोआप खाली आणते. 2008 ची सीडी त्या पद्धतीने लावली, तर ती शेजारच्या गाण्याइतक्याच आवाजात वाजते, फक्त तिच्यातला स्नेअर त्या गाण्यातल्यासारखा उसळत नाही.