रोज फुटाळा, सुट्टीत पचमढी: एकाच सायकलीची पार्श्वभूमी

रोज सकाळी फुटाळा, सेमिनरी हिल्स, अंबाझरी असा फेरा व्हावा. रविवारी रामटेकला जाऊन यावं. दिवाळीच्या सुट्टीत मागे सामान बांधून चिखलदरा नाहीतर पचमढी गाठावी. आणि सायकल मात्र एकच घ्यायची. नागपुरात नवी सायकल घ्यायला निघालेल्या बहुतेकांची मागणी एवढीच असते. दुकानदार समोर दोन सायकली उभ्या करतो. सरळ हँडलची हायब्रिड लांब पल्ल्यात मनगटांना रग लावते, बारीक टायरच्या रोडीला, म्हणजे शर्यतीच्या धाटणीच्या रोड सायकलीला, कॅरिअर लावायला साधं भोकही नसतं. गिऱ्हाईक मनात जी सायकल घेऊन आलेलं असतं ती खरं तर शंभरेक वर्षांपूर्वीच घडत गेली होती. मधल्या काळात ती दुकानातून कशी नाहीशी झाली, हे कळलं की आजची निवड सोपी होते.

दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, हा साचा इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्लीच्या १८८५च्या रोव्हर सायकलीने पक्का केला. १८८८मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. पुढे फ्रान्समध्ये वाट दुभंगली. पॉल द विवी, टोपणनाव वेलोसिओ, हा सेंत-एतिएनचा माणूस. आसपास डोंगर, त्यामुळे चढावर कमी दमवणारे एकाहून जास्त गिअर त्याला हवेच होते. तो स्वतः गिअरचे प्रयोग करी आणि स्वतःच्या मासिकातून लांबच्या सायकल सहलींचा प्रचार करी. दुसऱ्या बाजूला १९०३मध्ये ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारा आंरी देग्रांज. गिअर बदलणं म्हणजे दुबळ्यांचं काम, असं त्याचं ठाम मत. त्याच्या शर्यतीत डिरेलर गिअरला, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या गिअरला, परवानगी मिळाली ती थेट १९३७मध्ये. तोपर्यंत हौशी प्रवासी कितीतरी पुढे गेले होते. रुंद टायर, ॲल्युमिनियमचे मडगार्ड, डायनॅमोचा दिवा, पुढे छोटं कॅरिअर, आणि एवढं सगळं असूनही हलकी सायकल. फ्रान्सच्या कारागिरांनी १९३०-४०च्या दशकांत अशा सायकली हाताने बनवल्या. आजही त्यांत फारशी खोट काढता येत नाही.

आपल्याकडे यातलं काही पोचलं नाही. आपल्याकडे आली ती इंग्रजी रोडस्टर. स्वातंत्र्यानंतर टीआय (१९४९), ॲटलास (१९५१), हीरो (१९५६) या सायकल कंपन्यांनी तीच घरोघरी नेली: २८ इंची चाक, दांड्यांचे ब्रेक, एकच गिअर, वजन वीस किलोच्या आसपास. दूधवाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांची कामं तिने केली. पण लुना आणि स्कूटर परवडू लागल्यावर सायकल गरिबीची खूण ठरली. साठ-सत्तर किलोमीटर हौसेने चालवायची वस्तू म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही.

ती नजर बदलली २०००नंतर, आणि तेव्हा दुकानात आलेली गिअरवाली रोड सायकल शर्यतीच्या वंशातली होती. १९९०मध्ये सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या जपानी शिमानो कंपनीने ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअरचं बटण बसवलं; सोय मोठी झाली, पण त्याच काळात शर्यतीची सायकल हीच ‘खरी’ सायकल असा समज जगभर रुजला. टायर २३ मिलिमीटरवर आले, फ्रेम आणि चाकातली फट बोटभरही राहिली नाही, मडगार्डची भोकं गेली. गिअरचं गणित बघा. पुढे ३९ दात, मागे सगळ्यात मोठी चकती २५ दातांची, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर जाते. पुढे ३४ आणि मागे ३२ असेल तर सव्वादोन मीटर. व्यावसायिक खेळाडूला पहिला आकडा चालतो. छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानी घाटात पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशव्या, लादून चढणाऱ्या बँकेतल्या माणसाचे गुडघे मात्र बोलायला लागतात.

नागपुरात रोडीला मान मिळवून देण्यात डॉ. अमित समर्थ यांचा मोठा हात आहे. २०१७मध्ये त्यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत एकट्याने पूर्ण केली; त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती पूर्ण केली. दुसरीकडे ब्रेव्हेचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पूर्ण करण्याच्या सायकल फेरीचं, वेड पसरलं. ही पद्धतही जुनी फ्रेंच: ऑदॅक्स क्लब पॅरिसियनने १९२१पासून चालवलेली. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. नंबर कोणाचाच लागत नाही, वेळेत पोचणं एवढंच. म्हणजे खेळ वेलोसिओचा आणि सायकली मात्र देग्रांजच्या, असा प्रकार बरीच वर्षं चालला. पाठीवर सॅक आणि दांडीला रबरबँडने बांधलेला टॉर्च घेऊन रात्रभर पायडल मारणारे लोक पाहिले की हे चटकन कळतं.

जुनी सायकल परत आली ती दोन वाटांनी. २००४च्या सुमारास स्पेशलाइज्ड या अमेरिकी कंपनीने रुबे नावाची सायकल आणली: हँडल थोडं उंच, चालवणाऱ्याची पाठ कमी वाकलेली, फ्रेम हादरे कमी देणारी. या जातीला पुढे एंड्युरन्स म्हणू लागले. अमेरिकेत कॅन्ससच्या खडीच्या रस्त्यांवर २००६पासून लांब शर्यती सुरू झाल्या आणि त्यातून ग्रॅव्हल सायकल निघाली; शिमानोने तिच्यासाठी गिअर-ब्रेकचा वेगळा जीआरएक्स संच २०१९मध्ये काढला. या सगळ्यामागचं तांत्रिक कारण म्हणजे डिस्क ब्रेक. रिमला चिमटा घेणाऱ्या रोडच्या ब्रेकमधून रुंद टायर मावत नव्हता. ब्रेक चाकाच्या मधोमध गेला आणि जागा मोकळी झाली. २०१८मध्ये रोड शर्यतींतही डिस्कला कायमची मान्यता मिळाली, आणि मग मधल्या किमतीच्या सायकलींतही ३२ मिलिमीटरचे टायर, मडगार्ड आणि कॅरिअरची भोकं पुन्हा दिसू लागली.

नागपूरला हे टायर सोयीचेच. शहरातल्या सिमेंट रस्त्यांचे सांधे २३च्या टायरवर, शंभर पौंड हवेत, दातांपर्यंत जाणवतात. ३२च्या टायरला साठेक पौंड पुरतात. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो म्हणून सगळे पहाटेच निघतात, आणि काटोल रोडच्या कडेचे बाभळीचे काटे अंधारात दिसत नाहीत. ट्यूबलेस टायर आणि आतलं भोक बुजवणारं सीलंट इथे चैन नव्हे. समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे, तेव्हा लांबचा प्रवास जुन्या राज्यमार्गांवरून किंवा सातपुड्याच्या बाजूने. तिथे डांबर कुठे संपेल याचा नेम नसतो.

म्हणून दुकानात वजनकाट्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. फ्रेममध्ये किती रुंद टायर मावतो. मागची सगळ्यात मोठी चकती पुढच्या लहान चकतीच्या जवळपास आहे का. आणि मागच्या फ्रेमवर, शक्य तर पुढच्या फोर्कवरही, कॅरिअरची भोकं आहेत का. शिमानोच्या गिअर संचांपैकी स्वस्तातला क्लॅरिस की वरचा टियाग्रा हा वाद त्यानंतरचा. आठ गिअरची क्लॅरिसही पचमढीला पोचवते. गिअरचा संच पुढे बदलता येतो, फ्रेममधली फट मात्र नंतर वाढवता येत नाही.