लांब पल्ल्याचे स्ट्रोक व मेडले : सरावाची आखणी (कोकण किनारपट्टी)

जलतरणात बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक या तीन शैलींच्या २०० मीटर शर्यती, तसेच २०० व ४०० मीटर वैयक्तिक मेडले, या शर्यतींसाठी रोजचा सराव ठरवण्याची पद्धत. मेडलेमध्ये एकच पोहणारा बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी फ्रीस्टाइल या क्रमाने पोहतो. या शर्यती साधारण दोन ते साडेपाच मिनिटे चालतात. पहिल्या हातापासून जीव तोडून पोहावे इतक्या त्या छोट्या नाहीत, आणि एका संथ लयीत काढाव्यात इतक्या लांबही नाहीत. दमल्यावरही हाताचा आणि पायाचा आकार न मोडणे ही त्यांची खरी परीक्षा असते. कोकणातल्या मुलांच्या बाबतीत ही आखणी वेगळी करावी लागते, कारण ती पाण्यात येतात तेव्हा दम घेऊन येतात, आकार घेऊन येत नाहीत.

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत मुले विहिरीत, तळ्यात, खाडीत पोहायला शिकतात. पूर्वी कमरेला सुके भोपळे किंवा जोडीने बांधलेले असोले नारळ असत, पुढे पत्र्याचे डबे आले. कोळीवाड्यातल्या दहा वर्षांच्या मुलाला अर्धा तास पाण्यात राहणे जड जात नाही. समुद्री जलतरणाची ओढही इथली जुनी आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी स्पर्धा होतात आणि धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हा पल्ला मुंबई-रायगडच्या पोहणाऱ्यांना परिचित आहे. पण ही सगळी परंपरा लांब, सलग आणि बहुतेक फ्रीस्टाइलची आहे. तिच्यात भिंत नाही. ५० मीटरच्या तलावात ४०० मेडलेत सात वेळा वळावे लागते, २५ मीटरच्या तलावात पंधरा वेळा. खाडीत वाढलेला मुलगा प्रत्येक भिंतीपाशी थोडे गमावतो आणि ते पुन्हा दम खर्चून भरून काढतो.

दुसरा फरक पाण्याचाच. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे अंग वर तरंगते. खाडीत ज्याचा बॅकस्ट्रोक आडवा आणि सुरेख दिसतो त्याचीच कंबर तलावात खाली बसते. पालकांना वाटते मुलगा तलावात घाबरला. तसे नसते. मिठाने दिलेला आधार गेलेला असतो आणि तो पोटाच्या व पाठीच्या स्नायूंनी भरून काढायला त्याला कोणी शिकवलेले नसते. म्हणून तलावात आलेल्या मुलाला पहिले तीन-चार आठवडे अंतर वाढवून देऊ नये. उताणे पडून नुसती किक, हात डोक्यापुढे ताणून किक, दोन्ही कुशींवर सहा-सहा किक, हेच आधी करून घ्यावे.

वेळेचा हिशेब

आखणीची सुरुवात मेडलेत वेळ कुठे जातो हे पाहण्यापासून करावी. बीजिंग २००८ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सने ४०० मेडले ४:०३.८४ अशा जागतिक विक्रमी वेळेत जिंकले. त्याचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे असे होते : बटरफ्लाय ५४.९२, बॅकस्ट्रोक १:०१.५७, ब्रेस्टस्ट्रोक १:१०.५६, फ्रीस्टाइल ५६.७९. अंतर चौघांनाही सारखेच, पण एकूण वेळेतला जवळजवळ २९ टक्के भाग एकट्या ब्रेस्टस्ट्रोकने घेतला. आपल्याकडे मात्र सरावाच्या वहीत ब्रेस्टस्ट्रोकला सगळ्यांत कमी जागा मिळते, कारण तो हळू असतो आणि त्याने मीटर भरत नाहीत. ही चूक महाग पडते. त्याच ऑलिंपिकमध्ये फेल्प्सने १०० मीटर बटरफ्लाय ५०.५८ सेकंदांत जिंकले होते, म्हणजे मेडलेतला त्याचा बटरफ्लाय चार सेकंदांहून अधिक सावकाश होता. जगातल्या सर्वोत्तम बटरफ्लायपटूने इतका हात राखला, तर शाळकरी मुलाने किती राखावा हे वेगळे सांगायला नको. फेल्प्सचा ४०० मेडलेचा हा विक्रम फ्रान्सच्या लिऑन मार्शाँने २०२३ मध्ये फुकुओका येथे ४:०२.५० अशी वेळ देऊन मोडला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये याच मार्शाँने एका संध्याकाळी २०० बटरफ्लाय आणि २०० ब्रेस्टस्ट्रोक ही दोन्ही सुवर्णपदके घेतली. भारतासाठी २०० बटरफ्लायचे मोल निराळे आहे. जून २०२१ मध्ये रोम येथे साजन प्रकाशने १:५६.३८ ही वेळ दिली आणि ऑलिंपिकमध्ये थेट प्रवेश देणारा ‘अ’ पात्रता निकष पार करणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू ठरला.

सरावाचा वेग ठरवायला एक साधे गणित पुरते. मुलाकडून ४०० मीटर आणि, पुरती विश्रांती देऊन, २०० मीटर फ्रीस्टाइल जोर लावून पोहून घ्यावे. समजा वेळा ५:२० आणि २:३२ आल्या. फरक १६८ सेकंदांचा आणि २०० मीटरचा, म्हणजे १०० मीटरला ८४ सेकंद. हा त्याचा टिकाऊ वेग. १:२४ च्या वेगाने दहा वेळा १०० मीटर, मध्ये पंधरा सेकंद विश्रांती, हा दमाचा पायाभूत सेट, म्हणजे ठरलेल्या फेऱ्यांचा संच, झाला. बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोकसाठी हेच गणित वेगळे मांडता येते. बटरफ्लायला ते लावू नये. नीट आकारात ४०० मीटर बटरफ्लाय पोहणारी मुले फार थोडी असतात, आणि बाकीच्यांचे चारशे मीटर म्हणजे शेवटचे अडीचशे मीटर झगडणे असते.

शैलीनिहाय आखणी

बटरफ्लायचा नियम एकच : बिघडलेला बटरफ्लाय पोहू द्यायचा नाही. खांदे पाण्याला चिकटले, हाताच्या प्रत्येक फेरातल्या दोन किकपैकी दुसरी गळाली, श्वासासाठी हनुवटी वर उचलली जाऊ लागली की तिथेच फ्रीस्टाइलवर यायचे. शरीर जे वारंवार करते तेच शिकते, आणि दमलेला वेडावाकडा बटरफ्लाय ते फार लवकर शिकते. म्हणून बारा वेळा ५० मीटर, त्यातले पहिले २५ पूर्ण बटरफ्लाय आणि उरलेले २५ सैल फ्रीस्टाइल, इथून सुरुवात करावी. आकार टिकू लागला की ५० पूर्ण, मग ७५. नुसता डावा हात, नुसता उजवा हात आणि मग दोन्ही, असा तीन-तीन हातांचा फेर मधे घालावा. त्यात खांद्याला विसावा मिळतो आणि किकची वेळ मात्र सुटत नाही. कोकणातल्या मुलांचे खांदे वल्ही मारून, जाळी ओढून मजबूत असतात. त्यामुळे ती सगळा बटरफ्लाय हातांनीच ओढू पाहतात, आणि दीडशे मीटरला हात संपतात. छाती दाबून कंबर वर येऊ देणे त्यांना आधी शिकवावे लागते.

शर्यतीच्या वेगासाठी ‘तोडलेले दोनशे’ उपयोगी पडते : चार वेळा ५० मीटर, मध्ये प्रत्येकी दहा सेकंद, आणि एकूण वेळेतून तीस सेकंद वजा. लक्ष्य २:३० असेल तर ३४, ३८, ३९, ३९ अशी वाटणी धरावी. पहिला तुकडा सूर मारून असल्याने जलद येतो. मुलाने ३२ मध्ये सुरुवात केली तर शाबासकी देऊ नये. ती दोन सेकंदे चौथ्या तुकड्यात पाच होऊन परत येतात.

बॅकस्ट्रोकचा सराव भिंतीपासून सुरू होतो. नियमानुसार बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि फ्रीस्टाइलमध्ये भिंतीपासून १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येते. नवख्याने तेवढे ताणू नये. सहा वेळा १०० मीटर, प्रत्येक भिंतीवरून मोजून पाच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून, कंबरेतून लाटेसारखी मारलेली किक), आणि शेवटच्या शंभरातही पाचच. दमल्यावर तीनवर येणारा मुलगा शर्यतीतही तीनवरच येतो.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात मोजावेत. दोनशेच्या पहिल्या ५० मीटरला २० हात लागत असतील तर चौथ्याला २४ पर्यंत चालतील. २८ झाले तर सरक, म्हणजे किकनंतर अंग ताणून पुढे घसरत जाणे, संपली, मुलगा नुसता पाणी ढवळतो आहे. दोन किक आणि एक हात हा जुना व्यायाम सरक वाढवायला आजही सगळ्यांत चांगला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर किकचा सराव त्याच दिवशी थांबवावा आणि पायांची फाक तपासावी. वाढीच्या वयात ब्रेस्टस्ट्रोकचे मोठे किक सेट सलग दोन दिवस ठेवू नयेत.

मेडलेची आखणी म्हणजे चार शैलींचा सराव शेजारी-शेजारी मांडणे नव्हे. खरा त्रास एका शैलीतून दुसरीत जाताना होतो. बटरफ्लायने जड झालेले खांदे घेऊन पाठीवर जाणे, आणि बॅकस्ट्रोकमध्ये भराभर चाललेले पाय अचानक ब्रेस्टच्या लयीत आणणे, हे वेगळे शिकवावे लागते. त्यासाठी चार वेळा बटरफ्लाय-बॅक, चार वेळा बॅक-ब्रेस्ट, चार वेळा ब्रेस्ट-फ्री असे पन्नास-पन्नासचे शंभर करावेत, मध्ये वीस सेकंद. एकूण १२०० मीटर होतात आणि आठवड्यातून दोनदा पुरतात. बॅक-ब्रेस्ट वळणावर सगळ्यांत जास्त मुले बाद होतात, कारण बॅकस्ट्रोकचा शेवट पाठीवर असतानाच भिंतीला हात लावून व्हायला हवा आणि उतावळा मुलगा त्याआधीच पालथा होतो. दमलेल्या अवस्थेत या एका वळणाचा रोज दहा वेळा सराव घ्यावा.

तलाव नसेल तेव्हा

किनाऱ्यावरच्या अनेक गावांना तलाव जवळ नाही. तिथे खाडी वापरावी लागते आणि घड्याळापेक्षा पंचांग महत्त्वाचे ठरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोळ्यांचा ठोकताळा. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. याच दिवसांत भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी. म्हणून दोन्ही पक्षांतल्या अष्टमी ते दशमी या सकाळी वेळ लावून पोहण्यासाठी राखून ठेवाव्यात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीत वेळ लावणे व्यर्थ. जाताना मिळालेली मदत येताना फिटते असे अनेकांना वाटते, ते खरे नाही. सेकंदाला १.२ मीटर पोहणाऱ्याला ०.३ मीटरची ओढ लागली तर १०० मीटर जायला ६७ सेकंद आणि यायला १११ सेकंद लागतात. स्थिर पाण्यात ही फेरी १६७ सेकंदांची, इथे १७८ ची. म्हणून ओढ असेल त्या दिवशी अंतर सोडून हात मोजावेत : वीस हात बटरफ्लाय, चाळीस बॅक, तीस ब्रेस्ट, साठ फ्री, आणि पुन्हा पहिल्यापासून. सोबत होडी आणि होडीत पोहणारा मोठा माणूस असल्याशिवाय एकाही मुलाला खाडीत सोडू नये.

जून ते सप्टेंबर समुद्र बंदच समजावा. ज्यांना तलाव मिळतो त्यांनी हे चार महिने वळणे, पाण्याखालची किक आणि ब्रेस्टस्ट्रोक यांना द्यावेत. ज्यांना मिळत नाही त्यांनी जमिनीवर दोरी ओढणे, पोटाचे व्यायाम आणि घोट्याची लवचिकता यांवर भर द्यावा. उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. स्पर्धेच्या तलावाचे पाणी २५ ते २८ अंशांचे असावे असा नियम आहे. मे महिन्यात आपल्या उघड्या तलावांचे पाणी त्याहून गरम असते आणि त्याच वेगाला नाडी जास्त धावते. अशा दिवसांत लांब सेट पहाटे घ्यावेत, विश्रांती पाच-दहा सेकंदांनी वाढवावी, आणि काठावर मीठ घातलेली पेज किंवा कोकमाचे सरबत ठेवावे. पाण्यात असल्याने घाम कळत नाही, पण तो येतो.

स्पर्धेआधीच्या दहा-बारा दिवसांत अंतर जवळजवळ निम्म्यावर आणावे, वेग मात्र कमी करू नये. शर्यतीच्या तलावात शक्य तर आदल्या दिवशी उतरावे आणि सर्वांत आधी बॅकस्ट्रोकचे हात मोजावेत. भिंतीच्या पाच मीटर अलीकडे झेंड्यांची दोरी असते. तिच्यापासून भिंतीपर्यंत आपले किती हात, हे प्रत्येकाला पाठ असावे लागते. खाडीत सराव करणाऱ्या गटाने धक्क्यापासून पाच मीटरवर दोन बांबूंमध्ये रंगीत चिंध्यांची दोरी बांधली तर हा आकडा गावातच ठरतो, आणि स्पर्धेच्या ठिकाणी तो फक्त पडताळून घ्यायचा राहतो. गोड्या पाण्यात तो बहुधा एका हाताने बदललेला आढळतो.