सीए-१२५: रिपोर्टवरचा आकडा कसा वाचावा

सीए-१२५ हे रक्तातलं एक प्रथिन. त्याचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते, मग शेजारच्या ‘३५ पर्यंत’वर. आकडा त्याच्या वर असला की आमच्या लॅबच्या काउंटरवरच डोळे भरून येतात. त्यासाठी हे माहितीपत्रक.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये सीए-१२५ वाढतं, हे खरं. पण ते पाळी चालू असताना, गरोदरपणात, एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी) असतानाही वाढतं. पोटाच्या टीबीत तर शेकड्यांत जातं. उलट, पहिल्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या जणींचा आकडा नॉर्मलच येतो. म्हणून काही त्रास नसताना ‘एकदा करून टाकू’ म्हणत आलात, तर आम्ही आधी डॉक्टरांना विचारा असंच सांगतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्याचा निकाल २०२१ मध्ये आला: अशा तपासण्यांनी या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत.

त्रास असेल तर गोष्ट वेगळी. पोट सतत फुगलेलं, चार घासांत पोट भरतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं, असं महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा होत असेल तर ‘गॅसेस असतील’ म्हणून गोळ्या घेत बसू नका. डॉक्टर सोनोग्राफी, लागल्यास सीटी सांगतील. पक्कं निदान मात्र गाठीचा तुकडा किंवा पेशी तपासूनच होतं.

उपचार म्हणजे बहुतेक वेळा ऑपरेशन आणि केमो: कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल, साधारण दर ३ आठवड्यांनी, ६ सायकल (फेऱ्या). बीआरसीए जनुकात दोष निघाला तर पुढे गोळ्याही देतात.

आमचा आकडा खरा कामाला येतो तो इथे. समजा, सुरुवातीला ८४०, मग ३१०, मग ९०, मग २२. एकेकट्या आकड्यापेक्षा ही उतरण डॉक्टरांना जास्त सांगते. ऑपरेशननंतर काही आठवडे तो थोडा चढू शकतो, घाबरू नका. उपचार संपल्यावर नुसता आकडा वाढला म्हणून लगेच केमो सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, असं २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे पुढचा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

लॅब शक्यतो बदलू नका, आमची असो वा दुसरी. मशीन बदललं की आकडाही थोडा बदलतो, आणि मग तुलना फसते. उपाशी यायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा, पाळीची तारीखही सांगा. जुने रिपोर्ट सोबत आणा.