बिनखिळ्याच्या लाकूडकामाची पार्श्वभूमी

झांबियातल्या कलांबो धबधब्याजवळ खाच पाडून एकमेकांवर बसवलेले दोन ओंडके सापडले, ते सुमारे ४,७६,००० वर्षांपूर्वीचे. लाकडात लाकूड अडकवणं इतकं जुनं. आपल्याकडे मात्र या विषयाची चर्चा पेशवाईतल्या वाड्यांवर आणि ‘बिनखिळ्याचं काम’ या एका शब्दावर येऊन थांबते.

खांब आणि तुळई यांचा सांधा खिळ्यावर नसतो, हे खरं. लाकडाचं टोक दोन्ही बाजूंनी तासून मधे जाडीच्या साधारण एक-तृतीयांश ठेवायचं, हे झालं कुसू. समोरच्या लाकडात पटाशीनं तेवढीच खोबण. मग आरपार खुंटी. कसबी सुतार दोन्हीकडची भोकं एका रेषेत पाडत नाही. एक केसभर सरकवतो, म्हणजे खुंटी शिरताना सांधा आपसूक ओढला जातो. हातोडीच्या शेवटच्या दोन ठोक्यांत फट मिटताना दिसते.

पण म्हणून अख्खा वाडा बिनखिळ्याचा ठरत नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे सगळ्यांनी पाहिलेत. हा शब्द सांगाड्यापुरताच वापरावा, असं माझं ठाम मत आहे. सरसकट वापरला की सुताराची खरी हुशारी झाकली जाते. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. खिळा त्याच्याबरोबर हलत नाही, दमट हवेत गंजतो आणि भोक सैल करतो. शिवाय तेव्हा खिळा लोहाराकडून एकेक घडवून घ्यावा लागे.

पुढे यंत्रावरचे तारेचे खिळे स्वस्त झाले. घरातल्या सामानाला सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा डिंक, वापरत, पण तो तापवून गरम असतानाच लावायचा आणि ओल लागली की सुटायचा. १९५९ साली भारतीय बाजारात थंडच लावता येणारा पांढरा डिंक आला आणि सुताराचा दिवसच बदलला. ‘आता सांधा कशाला पाडायचा?’ हा वाद तेव्हापासूनचा. डिंक फळीच्या अंगाला घट्ट धरतो. कापलेल्या टोकाला लावला तर रेषांतून शोषला जातो आणि पकड कमी पडते. कुसू-खोबण डिंकाला ते अंग मिळवून देते, म्हणून खुर्चीच्या पायाला ती आजही लागते. प्लायवूड आणि एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) कपाटांत मात्र तिची जागा स्क्रू आणि डॉवेलनी, म्हणजे गोल लाकडी खुंट्यांनी, घेतली.