बंधुभाव आणि वंशांची उतरंड

वंश, धर्म, लिंग, जात, वर्ण असा कोणताही भेद न मानणारा मानवी बंधुभाव हे थिऑसॉफिकल सोसायटीचे पहिले उद्दिष्ट. गूढविद्येचा, म्हणजे सृष्टीमागे दडलेल्या मानलेल्या ज्ञानाचा, शोध घेणारी ही संस्था १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९मध्ये मुंबईला आले, गिरगावात राहिले. १८८२च्या अखेरीस त्यांचे बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला गेले.

याच ब्लाव्हाट्स्कींनी १८८८ साली ‘द सिक्रेट डॉक्ट्रिन’मध्ये माणसाचा इतिहास सात ‘मूळ वंशां’त बसवला. चौथा वंश अटलांटिसचा, म्हणजे दंतकथेतल्या समुद्रात बुडालेल्या भूमीचा, सध्याचा पाचवा आर्यांचा. ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातल्या मूळ रहिवाशांना त्यांनी जुन्या वंशांचे मावळते अवशेष ठरवले, आणि असे समाज नाहीसे होणे हा कर्माचा नियम मानला. वसाहतवाल्यांच्या बंदुकीने जे घडले त्याला अध्यात्माने दिलेली ही मान्यता मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त बोचते. (आर्यांच्या याच कथेचा अर्थ जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त १८७३ सालीच उलटा लावला होता: बाहेरून येऊन इथल्यांना दास करणारे ते आर्य. ते पुस्तक त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना.) पुढे व्हिएन्नात गुइडो फॉन लिस्ट आणि लान्झ फॉन लीबेनफेल्स या गूढवादी लेखकांनी मूळ वंशांच्या कल्पनेला जर्मन वंशाभिमानाची जोड दिली. इतिहासकार निकोलस गुडरिक-क्लार्क यांनी १९८५ साली हा धागा पुराव्यानिशी उलगडला.

विद्यापीठांत गूढविद्येच्या अभ्यासाला जागा मिळाली तीही उशिराच. पॅरिसमध्ये १९६०च्या दशकात, ॲमस्टरडॅममध्ये १९९९ साली. विषयाचे नाव पडले ‘पाश्चात्त्य गूढविद्या’, आणि त्या ‘पाश्चात्त्य’त काळी माणसे जवळजवळ नव्हतीच. पास्कल बेव्हर्ली रँडॉल्फ हे न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय गूढवादी. प्रेतात्म्यांशी संवाद साधणारे माध्यम, रोझिक्रुशियन या युरोपातून आलेल्या गुप्तज्ञानवादी पंथाचे अमेरिकेतले प्रवर्तक आणि मुक्त झालेल्या गुलामांचे शिक्षक. थिऑसॉफिकल सोसायटी निघाली त्याच वर्षी, काही महिने आधी, ते वारले. त्यांचे सविस्तर संशोधनपर चरित्र यायला १९९०चे दशक उजाडले.

नोबल ड्र्यू अली यांनी काढलेल्या मूरिश सायन्स टेंपल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या धर्मपंथाचेही तसेच झाले. १९२०च्या दशकात शिकागोत वाढलेल्या या पंथाकडे अभ्यासक बराच काळ काळ्यांचे राजकारण म्हणूनच पाहत होते. त्यांच्या पवित्र ग्रंथातला मोठा भाग लेव्ही डाउलिंग या गोऱ्या अमेरिकन गूढवाद्याच्या १९०८च्या पुस्तकातून आला आहे. हा पवित्र ग्रंथ आता गूढविद्येचा ग्रंथ म्हणूनही वाचला जातो.